टायर उचकटायचा कशानं?

आपल्या होस्टेलमध्ये सायकलचा टायर काढायला आजवर वापरली गेलेली हत्यारं अशी आहेत : स्क्रूड्रायव्हर (सर्वांत लोकप्रिय), मेसचा चमचा, ड्रॉइंगची स्टीलची पट्टी, डिव्हायडर, आणि एकदा तर खिडकीची निघालेली कडी! मेसमध्ये "चमचे परत करावेत" अशी नोटीस दर सेमिस्टरला लागते आणि आपण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. मंडळी, त्यातले दोन-तीन चमचे सायकल स्टँडच्या मागच्या भिंतीपाशी माना मोडून पडलेले आहेत. हवं तर जाऊन पाहा. एवढ्या मोठ्या यादीत एकच वस्तू नाही, जी खास याच कामासाठी बनवलेली असते. टायर लिव्हर.

दुकानात 'टायर काढायची लिव्हर' म्हटलं की कळतं. काही जण नुसतीच पट्टी म्हणतात. वीतभराहून लहान, बोटाएवढी रुंद, एक टोक चपटं आणि किंचित वर वळलेलं, दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा स्पोकमध्ये अडकवायची खाच. बस्स, एवढाच ऐवज. मासिकासाठी हा विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळातला एक मित्र म्हणाला, "अरे, रोबोटिक्सवर लिही, नाहीतर चांद्रयानावर लिही. लिव्हरवर काय लिहिणार?" त्याला मी गेल्या ऊस हंगामातली गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो.

मेसमधले एक मामा नऊ किलोमीटरवरच्या गावातून सायकलने येतात. पहाटे साडेचारला निघतात, म्हणून आपल्याला सातला चहा मिळतो. दुपारी घरी जातात आणि संध्याकाळच्या पाळीला परत येतात. जानेवारीत एका दुपारी त्यांचं पुढचं चाक बसलं. सेकंड इयरची तीन मुलं मदतीला धावली. मन चांगलं, हत्यार वाईट. स्क्रूड्रायव्हर घालून टायर उचकटला, पंक्चर काढलं, टायर बसवताना पुन्हा तोच स्क्रूड्रायव्हर घातला, हवा भरली आणि पाच मिनिटांत चाक परत जमिनीला. ट्यूब बाहेर काढली तर मूळ काट्याचं भोक व्यवस्थित बुजलेलं, पण शेजारी दोन नवीन चिरा, त्यातली एक व्हॉल्व्हच्या बुडाशी. तिथे पॅच बसत नाही. मामा एवढंच म्हणाले, "एक पंक्चर हुतं, तीन झाली की रं पोरांनो." मग सायकल हातात धरून नऊ किलोमीटर चालत गेले. संध्याकाळच्या पाळीचा खाडा पडला आणि नवीन ट्यूबचा खर्च झाला तो वेगळाच. आता एका नव्या ट्यूबच्या पैशात साध्या लोखंडी लिव्हरची जोडी येते. म्हणून म्हणतो, विषय लहान आहे, पण फालतू नाही.

कोल्हापुरात पंक्चरला तसं निमित्त लागत नाही. पावसाळ्यात बाभळीचे काटे वाहून रस्त्याच्या कडेला येतात, आणि सायकलवाल्याच्या वाट्याला रस्त्याची कडच असते. दिवाळीच्या आसपास ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे नटबोल्ट, तारा पडायला लागतात. बैलगाड्या चालतात तिथे बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्र्यांचे खिळे निसटून पडतात. हा खिळा लहान असतो, पण टायरमध्ये असा उभा घुसतो की विचारू नका. थोडक्यात, या गावात सायकल ठेवायची तर टायर काढणं आलंच. प्रश्न एवढाच, की तो कशाने काढायचा.

आधी टायर रिमवर राहतो कसा ते पाहू. पूर्वी तो चिकटवलेला असायचा. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्टमध्ये हवेचा टायर काढला खरा, पण तो चाकावर पक्का डकवलेला होता. पंक्चर झालं की सोडवायला काही तास आणि परत चिकटवून वाळायला रात्र. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी शार्ल तेराँ हा सायकलपटू तो टायर लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची शर्यत जिंकला, आणि मग सगळ्यांनाच पटलं.

आज आपल्या टायरच्या दोन्ही काठांच्या आत पोलादी तार असते. (महागड्या रेसिंग टायरमध्ये तारेऐवजी धागे असतात. ते आपल्या स्टँडवर दिसत नाहीत.) ही तार ताणत नाही. ताणली तर हवा भरल्यावर टायर रिमवरून उडून जाईल. साध्या काळ्या सायकलचा टायर २८ बाय दीड. त्यावर बारीक अक्षरात ४०-६३५ असंही लिहिलेलं असतं. यातला ६३५ हा तार ज्या गोलावर बसते त्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. म्हणजे तारेची लांबी जवळजवळ दोन मीटर. रिमचा काठ या तारेपेक्षा मोठा आहे. मग न ताणणारी लहान कडी मोठ्या काठावरून बाहेर येणार कशी?

गुपित रिमच्या मध्यभागी आहे. रिम आडवी कापली तर मधला भाग खोलगट दिसेल, पन्हळीसारखा. काठाजवळ बसलेली तार सगळीकडून दाबून या पन्हळीत ढकलली की ती लहान गोलावर जाते आणि तेवढी तार मोकळी होते. पन्हळ ३ मिलिमीटर खोल धरा. जवळजवळ पूर्ण चाकभर तार त्यात उतरली तर मोकळी होणारी लांबी २ गुणिले पाय गुणिले ३, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. दोन सेंटिमीटर ढील! तीही फुकट. ती न घेता जो एकदम स्क्रूड्रायव्हर घालून जोर लावतो, तो प्रत्यक्षात पोलादी तार ताणायचा प्रयत्न करत असतो. तार ताणत नाही, मग स्क्रूड्रायव्हर सटकतो, आणि सटकलेलं टोक जातं कुठे? ट्यूबमध्ये.

म्हणून लिव्हर विकत घेण्याआधीचा सल्ला असा, की निम्मं काम अंगठ्यांनी करा. हवा पूर्ण सोडा. काळ्या सायकलला व्हॉल्व्हची टोपी काढून आतली पिन उपसायची आणि रिमवरची चकतीसारखी नटही सैल करायची, नाहीतर व्हॉल्व्हजवळ टायर हलत नाही. मग चाक मांडीवर घेऊन दोन्ही बाजूंनी टायर चिमटीत धरत गोल फिरा, काठ मधल्या पन्हळीत ढकलत. जुना, वापरून सैल झालेला टायर पुष्कळदा एवढ्यावरच हाताने निघतो. उद्यमनगरच्या रस्त्यावरचे पंक्चरवाले बघा, नुसत्या अंगठ्यांनी टायर असा उलटवतात की आपण बघत राहावं. आपले अंगठे की-बोर्डावर वाढलेले. आपल्याला लिव्हर लागते.

आता लिव्हर. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे 'फर्स्ट क्लास लिव्हर' पाठ होतं, पण तिला मराठीत 'तरफ' म्हणतात हे चुलतभावाच्या पुस्तकात वाचलं. तरफ, टेकू, भार, बल. काय सुटसुटीत शब्द आहेत! टायर काढताना रिमचा काठ हा टेकू, लिव्हरच्या टोकावर बसलेला टायरचा काठ हा भार आणि तुमचा हात हे बल. लिव्हर १२ सेंटिमीटर लांब आहे असं समजा. टोकापासून दीड सेंटिमीटरवर टेकू, म्हणजे हाताच्या बाजूला उरले साडेदहा. हाताने १० किलोचा जोर दिला तर टोकाला सातपट, ७० किलोचा. एका माणसाचं वजन, बोटभर रुंदीच्या टोकावर! मेसचा चमचा मान का टाकतो ते आलं ना लक्षात?

ज्यांचा स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स राहिला आहे त्यांनी पुढचा परिच्छेद जरूर वाचावा, बाकीच्यांनी गाळला तरी चालेल. १० किलो म्हणजे सुमारे १०० न्यूटन, गुणिले १०५ मिलिमीटर, म्हणजे टेकूपाशी १०,५०० न्यूटन-मिलिमीटरचा वाकवणारा मोमेंट. लिव्हर म्हणजे १५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड सपाट पट्टी असेल तर तिचा सेक्शन मॉड्युलस रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले ६, म्हणजे २२.५. भागाकार करा, ताण येतो सुमारे ४६७ मेगापास्कल. साधं माइल्ड स्टील २५० च्या आसपास हार मानतं. म्हणजे ही पट्टी वाकणार आणि वाकलेलीच राहणार. जाडी ४ मिमी केली तर ताण २६२ वर येतो, म्हणजे काठावर नापास. ५ मिमी केली तर १६८, आरामात. जाडी पाऊणपटही वाढली नाही आणि ताण जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आला, कारण सूत्रात जाडीचा वर्ग आहे. पण ५ मिमी जाडीचं टोक टायरखाली घुसणार कसं? इथेच चांगल्या आणि वाईट लिव्हरचा फरक पडतो. चांगली लिव्हर टोकाला पातळ असते, पण टेकूच्या जागेपर्यंत येता येता जाड होते. किंवा पत्राच वापरलेला असेल तर त्याला लांबीभर पन्हळ पाडलेली असते. सपाट कागद उभा राहत नाही, पण घडी घातली की राहतो, तसंच. दुकानात एकसारख्या जाडीची, सपाट आणि चकचकीत पट्टी दाखवली तर ती चकाकी तुम्हालाच परत करा.

धातू कोणता, हे डोळ्यांनी कळत नाही. निकेल किंवा क्रोमचा मुलामा दिला की माइल्ड स्टील आणि चांगलं कार्बन स्टील सारखंच दिसतं. 'क्रोम व्हॅनेडियम' असं कोरलेलं असेल तर चांगलंच, पण कोरणारा कोण हेही बघावं. माझी पद्धत सोपी आहे. लिव्हरचं टोक दुकानाच्या पायरीच्या फटीत अडकवायचं आणि हाताने मध्यम जोर द्यायचा. सोडल्यावर ती सरळ झाली तर घ्यायची, वाकलेली राहिली तर नमस्कार. दुकानदार कुरकुरतो. पण जो दुकानदार ही परीक्षा घेऊ देतो, त्याच्याकडचा माल सहसा बरा निघतो, असा माझा अनुभव आहे. (जो देत नाही त्याला रागावू नये. पायरी त्याची आहे.)

वाकण्यापेक्षाही मोठा धोका टोकाच्या कडेला असतो. प्रेसमध्ये पत्रा कापला की कडेला बारीक बर राहते. डोळ्याला दिसत नाही, पण ट्यूबला नक्की कळते. नख कडेवरून आडवं फिरवा किंवा जुना मोजा टोकावरून ओढा. धागा अडकला तर बर आहे. अशी लिव्हर परत करायची गरज नाही. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये आपण सगळ्यांनी चौकोनी जॉब घासघासून सरांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. ती विद्या इथे कामाला येते. बारीक कानशीने कड गोल करायची, वर एमरी पेपर मारायचा, दहा मिनिटांचं काम. मुलाम्याचे पोपडे निघालेले असतील तर मात्र लिव्हर घेऊ नका. त्या पोपड्यांची धार ब्लेडसारखी असते, आणि एक घासली तर शेजारी दुसरा सुटतो. याच कारणाने मला मुलाम्यापेक्षा साधी काळी, तेल लावलेली लिव्हर आवडते. आपल्याकडच्या पावसात तिला गंज चढेल, पण फडक्याला थोडं तेल घेऊन पुसलं की झालं. गंज पुसता येतो, धार पुसता येत नाही.

स्क्रूड्रायव्हरबद्दलही एकदाचं बोलून घेऊ, नाहीतर त्याचे चाहते मला सोडणार नाहीत. स्क्रूड्रायव्हर वाकत नाही हे खरं. नाशिकच्या टापरियाचा घेतलात तर वर्षानुवर्षं टिकेल. पण त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसावं म्हणून मुद्दाम काटकोनी आणि धारदार कडांचं केलेलं असतं. तोच गुण ट्यूबसाठी अवगुण आहे. शिवाय त्याची दांडी गोल, त्यामुळे रिमच्या काठावर ती लोळते. आणि टोकाला आकडा नाही, त्यामुळे टायरचा काठ निसटतो. मामांच्या ट्यूबला पडलेल्या चिरा याच तीन कारणांनी पडल्या. चमच्याचं टोक निदान गोल असतं, म्हणून तो ट्यूब सहसा फाडत नाही, फक्त स्वतः वाकतो.

आता प्लॅस्टिकची लिव्हर. गियरच्या सायकली घेतलेले आमचे मित्र हिच्याशिवाय दुसरं काही वापरत नाहीत आणि लोखंडी लिव्हर दिसली की नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. त्यांच्या रिम ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या, आणि ज्यांचे ब्रेक रिमवर दाबतात त्यांना रिमचा काठ गुळगुळीतच हवा. लोखंडी लिव्हरने तिथे खाच पडली की ब्रेकचं रबर दर फेरीला त्या खाचेवर घासतं. रविवारी पन्हाळ्याला जाऊन घाट उतरताना हा आवाज कोणालाच ऐकायला आवडणार नाही. तिथे प्लॅस्टिकच योग्य. पण काळ्या सायकलच्या पोलादी रिमला लोखंडी लिव्हरने काहीही होत नाही. तिथे प्लॅस्टिकचा आग्रह म्हणजे बैलाला स्वेटर.

प्लॅस्टिक-प्लॅस्टिकमध्येही फरक आहे. वरचंच गणित करा. प्लॅस्टिकची लिव्हर जाड असते, ८ मिमी धरू. ताण येतो सुमारे ६६ मेगापास्कल. साधं पॉलिप्रॉपिलीन तीस-पस्तिसाला वाकतं, म्हणजे ते बादच. नुसतं नायलॉन कोरडं असताना कसंबसं टिकतं. काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन शंभराच्या वर जातं, ते खरं कामाचं. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि ओलं झालं की मऊ, पण चिवट होतं. म्हणजे आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये तुमची नायलॉन लिव्हर जास्त लवेल, पण तुटण्याची भीती कमी. एप्रिलच्या कोरड्या उन्हात उलट. काच मिसळलेली लिव्हर तुटली की तुटल्या जागी खडबडीत, टोचणारी कड येते, तेव्हा 'अर्धी आहे, चालेल' म्हणून ती वापरत बसू नका. ओळखायची खूण अशी, की हातात घेऊन पिळून पाहा. साबणाच्या डबीसारखी लवली तर ठेवून द्या. मधोमध उभ्या फासळ्या दिल्या असतील तर बनवणाऱ्याने विचार केला आहे असं समजा.

काळ्या सायकलच्या घट्ट, नव्या टायरला मात्र प्लॅस्टिक लिव्हर पुरत नाही. नवीन टायर पहिल्यांदा काढताना मी तीनपैकी दोन तुटलेल्या पाहिल्या आहेत. यावर शहाणपणाचा उपाय म्हणजे एक लोखंडी आणि दोन प्लॅस्टिकच्या. पहिली, सर्वांत अवघड उचकटणी लोखंडीने करायची. एकदा हातभर काठ बाहेर आला की पुढे प्लॅस्टिकची नुसती सरकवत न्यायची.

एक तिसरा मार्ग आहे, आणि तो खास आपल्या गावाचा आहे. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, ज्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे सुटे भाग गल्लोगल्ली तयार झाले, तिथे एक लिव्हर बनवून घेता येऊ नये? लोहार ऊसतोडीचे कोयते आणि विळे ट्रकच्या जुन्या पाट्यापासून, म्हणजे लीफ स्प्रिंगपासून बनवतात. हे स्प्रिंग स्टील. तेलात विझवून नीट टेंपर केलं तर हजार मेगापास्कलच्या वर ताण सहन करतं, म्हणजे आपल्या ४६७ ला हसत हसत. कापून उरलेला बोटभर रुंद तुकडा लोहार सहज देतो. तो तापवून, ठोकून टोकाला पातळ करायचा, किंचित वळवायचा, कडा कानशीने गोल करायच्या. फक्त एक काळजी घ्या. लाल झालेला तुकडा पाण्यात बुडवून तसाच वापरायला घेऊ नका. तो काचेसारखा ठिसूळ होतो आणि जोर दिला की तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. तेलात विझवायचा, घासून चकचकीत करायचा आणि हळूहळू तापवत निळी झाक आली की थांबायचं, तापमान साधारण ३०० अंश. हे काम मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलला बसण्याजोगं आहे. वर्कशॉपच्या सरांनी मनावर घेतलं तर एका दुपारी होस्टेलला पुरतील एवढ्या लिव्हर निघतील, आणि त्या आपल्या पोरांच्या पोरांपर्यंत टिकतील!

लिव्हर कितीही चांगली असो, चालवायची रीत चुकली तर ट्यूब गेलीच. व्हॉल्व्हपासून वीतभर बाजूला सुरुवात करा. व्हॉल्व्हचं बूड मधल्या पन्हळीतच बसलेलं असल्याने तिथे तार खाली उतरत नाही. टोक टायरच्या काठाखाली फक्त तेवढंच घाला, आत खोल नको. खोल गेलं की ते ट्यूबच्या खालून जातं आणि काठाबरोबर ट्यूबही चिमटते. लिव्हर खाली दाबून तिची खाच स्पोकमध्ये अडकवा. तीन-चार स्पोक सोडून दुसरी घाला. दोन्हींच्या मध्ये फार कमी अंतर ठेवलं तर काम होत नाही, फार जास्त ठेवलं तर अंगात हत्तीचं बळ लागतं. काठ बाहेर आला की दुसरी लिव्हर चाकाभोवती फिरवत न्यायची. फक्त एकच बाजू काढायची. ट्यूब बाहेर काढायला तेवढं पुरतं.

पंक्चर काढणं सगळ्यांना येतं, म्हणून त्याबद्दल थोडकंच. बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे बघा, जागा कोरडी करून घासा, सोल्यूशन लावल्यावर ते वाळू द्या आणि मगच पॅच. घाई करणाऱ्यांचा पॅच ओल्या सोल्यूशनवर सरकतो. पण पॅच लावून झाल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा एक फेरी नक्की फिरवा. काटा अजून आत असेल तर कापूस अडकतो. बोट फिरवू नका. बाभळीचा काटा बोटातही तितक्याच आनंदाने जातो.

आणि बसवताना, माझी हात जोडून विनंती आहे, लिव्हर खिशात ठेवा. ट्यूबमध्ये दोन-तीन पंप हवा भरून तिला गोल आकार येऊ द्या, मग टायरचा काठ अंगठ्यांनी आत ढकलत या. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने, शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटची वीत घट्ट वाटली की उठून लिव्हर आणायची नाही. पुन्हा मागे जाऊन काठ सगळीकडे पन्हळीत आहे ना ते बघायचं, ते दोन सेंटिमीटर परत मिळवायचे. तळहाताच्या गादीने ढकललं की शेवटचा तुकडा 'टक्' करून आत जातो. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडायचा, म्हणजे त्याच्या बुडाखाली चिमटलेली ट्यूब सुटते. पंक्चर काढल्यानंतर लगेच होणारी जी पंक्चरं आपण 'नशीब' म्हणून खपवतो, त्यातली बरीचशी या शेवटच्या वितीत लिव्हर घातल्याने झालेली असतात. शेजारीशेजारी दोन भोकं दिसली, सापाच्या दंशासारखी, की समजा चिमटा बसला. लिव्हर नसेल वापरली, तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं असेल. कोल्हापूरचे रस्ते बघता दोन्ही शक्य आहे.

ब्लॉकमधल्या आम्ही पाचजणांनी वर्गणी काढून एक संच जमवला आहे. दोन काळ्या लोखंडी लिव्हर, तीन फासळ्यांच्या नायलॉन लिव्हर, घासायचा कागद, पॅच आणि सोल्यूशन. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत वाळते, म्हणून मोठी घ्यायची नाही, लहानच घ्यायची आणि हंगामाच्या सुरुवातीला नवी. लिव्हर एकत्र बांधायला फाटक्या ट्यूबची कापलेली रिंग वापरली आहे. रबर बँडपेक्षा ती किती तरी जास्त टिकते. रेक्टर सरांनी परवानगी दिली आहे, त्यामुळे संच वॉचमन काकांच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. वहीत रूम नंबर लिहून न्यायचा. स्टाफपैकी कोणालाही वापरता येईल, वहीत नाव लिहिलं की झालं. मेसच्या मामांना वही माफ.

पंपाचं मात्र अजून ठरलेलं नाही. काळ्या सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा, गियरच्या सायकलींचा मोटारसारखा, आणि आपल्याकडचा जुना पंप पहिल्यालाच बसतो. दोन्ही तोंडांचा पंप घ्यायचा तर वर्गणी आणखी लागेल. ज्यांना द्यायची आहे त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर नाव लिहावं.